मोटारीच्या रंगावरील पारदर्शक लेप : ऱ्हास आणि दुरुस्ती

१. विषयप्रवेश

मोटारीच्या रंगाची चकाकी ही सामान्यतः शोभेची बाब समजली जाते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहता मात्र ती एका अत्यंत पातळ बहुवारिक पटलाच्या प्रकृतीचे बाह्य लक्षण होय. वैद्यकात लक्षण शमले म्हणजे रोग बरा झाला असे होत नाही. त्याचप्रमाणे चकाकी परत आली म्हणजे पटल पूर्ववत झाले असे येथेही म्हणता येत नाही. किंबहुना, ज्या क्रियेने चकाकी परत येते त्याच क्रियेने पटलाचे आयुष्य काही अंशी खर्ची पडते. ही गोष्ट प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाची आहे.

ज्या पटलाचा येथे विचार करावयाचा आहे त्यास कारखान्यात क्लिअरकोट म्हणतात. रंगाच्या थरावर दिलेला हा रंगहीन व पारदर्शक असा शेवटचा लेप होय. तो निस्तेज होणे, त्यावर ओरखडे वा डाग पडणे, त्याचे पापुद्रे सुटणे, ह्या तक्रारी सर्वांच्या परिचयाच्या आहेत. त्यांवरील उपाय मात्र बहुधा अनुभवाने किंवा ऐकीव माहितीने ठरविले जातात. त्या उपायांमागील कारणमीमांसा पाहिली असता कोणता उपाय कोठे लागू पडतो आणि कोठे तो निव्वळ भुलावण ठरतो, हे ठरविता येते.

२. पटलाची रचना व पूर्वपीठिका

आजच्या मोटारीच्या पत्र्यावर साधारणतः चार थर असतात. सर्वांत खाली विद्युत्‌-निक्षेपणाने बसविलेला, एपॉक्सी जातीचा गंजरोधक थर सुमारे २० मायक्रॉन जाडीचा असतो. त्यावर ३० ते ४० मायक्रॉनचे प्रायमरचे अस्तर येते. त्यावर रंगद्रव्य आणि अनेकदा ॲल्युमिनियमचे वा अभ्रकाचे सूक्ष्म कण असलेला रंगलेप १२ ते २० मायक्रॉनचा असतो. सर्वांत वर ३५ ते ५० मायक्रॉनचा क्लिअरकोट असतो. सर्व थर मिळून जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या-सातव्या हिश्शाएवढी भरते. ऊन, पाऊस, धूळ आणि धुण्याचे फडके ह्या सर्वांशी प्रत्यक्ष सामना करणारा थर माणसाच्या केसाहूनही बारीक आहे, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवावयास हवी.

ही रचना नेहमीच अशी नव्हती. १९२३ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर ड्यूको ह्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचा वापर झाला आणि कित्येक आठवडे चालणारे रंगकाम थोड्या काळात उरकू लागले. हे लॅकर केवळ विद्रावक उडून गेल्यामुळे सुकत असे. त्यात रासायनिक विक्रिया घडत नसे. म्हणून नवा हात दिला असता त्यातील विद्रावक जुन्या थराचा पृष्ठभाग किंचित विरघळवीत असे आणि दोन्ही थर एकजीव होत. शिवाय रंगद्रव्य संपूर्ण थरात पसरलेले असल्यामुळे झिलई देताना वरचा मलूल भाग निघून जाई व खाली तोच रंग उघडा पडे. झिलईच्या फडक्याला रंग लागणे हे त्या काळी कामाचे स्वाभाविक चिन्ह होते.

रंगलेप आणि क्लिअरकोट असे दोन स्वतंत्र लेप देण्याची पद्धत १९८० नंतरच्या काळात सार्वत्रिक होत गेली. क्लिअरकोटमधील ॲक्रिलिक बहुवारिक मेलॅमिनशी किंवा आयसोसायनेटशी विक्रिया पावून त्याचे त्रिमितीय जाळे बनते. असे उष्णतादृढ पटल विद्रावकात पुन्हा विरघळत नाही. ह्यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, जुन्या क्लिअरकोटवर नवा लेप दिल्यास ते एकजीव होत नाहीत. नवा लेप मुख्यतः घासून खरबरीत केलेल्या पृष्ठभागाच्या आधाराने धरून राहतो. दुसरा असा की, झिलई देताना जे निघून जाते ते पारदर्शक असल्यामुळे किती निघाले हे डोळ्यांना कळत नाही. आजच्या गाडीस झिलई देताना फडक्यावर गाडीचा रंग उतरू लागला, तर त्या जागी क्लिअरकोट संपला आहे असे समजावे. जुन्या काळचे स्वाभाविक चिन्ह आज धोक्याची खूण ठरले आहे.

३. ऱ्हासाची कारणे

क्लिअरकोटच्या बिघाडाचे तीन वर्ग करता येतात : यांत्रिक, रासायनिक आणि प्रकाशजन्य.

यांत्रिक बिघाड म्हणजे ओरखडे. धुळीतील वाळूचे कण पटलापेक्षा कठीण असल्यामुळे कोरडे फडके फिरविताच सूक्ष्म चरे पडतात. ॲक्रिलिक पटलाचा प्रणमनांक सुमारे १.४९ असून समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश त्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होतो. पृष्ठभाग सपाट असेल तर हे परावर्तन एकाच दिशेने होते व प्रतिबिंब स्वच्छ दिसते; चऱ्यांच्या कडांवरून ते विखुरते. काळ्या बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. परंतु चरे स्वतः वर्तुळाकार असतातच असे नाही. सर्व दिशांच्या चऱ्यांपैकी जे योग्य दिशेने वळलेले असतात तेवढेच डोळ्यांकडे प्रकाश पाठवितात आणि त्यांचाच गोल भासतो.

रासायनिक बिघाडाचे ठळक उदाहरण आम्ल-पर्जन्याचे. पावसाचा थेंब उन्हात आटत जातो तसतसे त्यातील आम्ल संहत होते आणि तापलेल्या पटलातील मेलॅमिनचे बंध जलीय विच्छेदनाने तुटतात. थेंब सुकतो, पण त्याच्या आकाराचा खळगा मागे राहतो. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल येथे ही हानी इतक्या ठळकपणे दिसून आली की पुढे तेथील हवा क्लिअरकोटच्या आम्ल-परीक्षेचे मान्य ठिकाण बनली. पक्ष्यांच्या विष्ठेचा डाग ह्याच वर्गात मोडतो. मात्र त्यात रासायनिक क्रियेबरोबरच आणखी एक क्रिया घडते. उन्हाने पटल मऊ होते व रात्री आकसते. वर सुकून घट्ट झालेल्या विष्ठेचा ठसा त्या मऊ पृष्ठभागावर उमटून कायम होतो. म्हणून विष्ठा ताजी असतानाच पाण्याने भिजवून काढावी, ह्या साध्या उपदेशास शास्त्रीय आधार आहे.

प्रकाशजन्य बिघाड सर्वांत मंद, आणि परिणामी सर्वांत गंभीर होय. सुमारे २९० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार किरण पृथ्वीच्या पृष्ठभागापर्यंत पोचतात. त्यांच्या योगे बहुवारिकात मुक्त मूलके निर्माण होतात. त्यांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पेरॉक्साइडे बनतात. त्यांपासून पुन्हा नवी मूलके. ही शृंखला चालू राहिली म्हणजे पटल ठिसूळ व अधिक जलग्राही बनते. दिवसा तापणे व रात्री निवणे, पावसात फुगणे व उन्हात आकसणे ह्या नित्याच्या ताणांनी मग त्यास तडे जातात. गाडीचा टप आणि बॉनेट हे आडवे भाग प्रथम खराब होतात आणि दारे मागाहून होतात, ह्याचे कारण आडव्या पृष्ठभागांवर ऊनही अधिक पडते आणि पाणीही अधिक वेळ साचून राहते.

४. संरक्षणाचा हिशेब

ह्या ऱ्हासास आवर घालण्यासाठी क्लिअरकोटमध्ये दोन प्रकारची द्रव्ये मिसळतात. बेंझोट्रायाझोल किंवा ट्रायाझिन वर्गातील शोषक जंबुपार किरण शोषून त्यांची ऊर्जा निरुपद्रवी उष्णतेच्या रूपाने टाकून देतात. दुसऱ्या वर्गातील अमाइने मुक्त मूलकांना पकडून शृंखला खंडित करतात आणि त्या क्रियेत बऱ्याच अंशी पुन्हा मूळ कार्यक्षम रूपात येतात. शोषकांचे मुख्य कार्य केवळ क्लिअरकोटचे रक्षण करणे हे नाही. त्याखालील रंगलेपापर्यंत जंबुपार किरण पोचू न देणे हे आहे.

येथे बीअर-लँबर्ट नियमाचे सरळ उपयोजन होते. पटलाची शोषकता शोषकाच्या संहतीच्या आणि पटलाच्या जाडीच्या समप्रमाणात असते. पार जाणारा प्रकाश मात्र शोषकतेच्या घातांकाने बदलतो. समजा, ४० मायक्रॉनच्या नव्या पटलाची विशिष्ट तरंगलांबीस शोषकता २ आहे. म्हणजे १ टक्का किरण पार जातात. झिलई देऊन जाडी ३५ मायक्रॉनवर आणली तर शोषकता १.७५ होते व सुमारे १.८ टक्के किरण पार जातात. जाडी ३० मायक्रॉन राहिली तर सुमारे ३.२ टक्के, आणि २० मायक्रॉन राहिली तर १० टक्के. म्हणजे जाडी एक चतुर्थांशाने कमी होताच खालच्या थरावरील मारा तिपटीहून अधिक वाढतो, आणि ती निम्मी होताच दसपट होतो. डोळ्यांना मात्र ह्या सर्व अवस्थांत गाडी सारखीच चकचकीत दिसते.

शोषक हे द्रव्य अक्षय नसते, ही दुसरी बाब. प्रकाशाच्या क्रियेने त्याचे रेणू हळूहळू नष्ट होतात, काही अन्य थरांत स्थलांतर करतात. फोर्ड कंपनीच्या संशोधन विभागातील गर्लॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या काळात अवरक्त व जंबुपार वर्णपटमापनाने क्लिअरकोटमधील शोषकाच्या ह्या घटीचा पद्धतशीर अभ्यास केला. वरील उदाहरणातील पटलात काही वर्षांनी निम्माच शोषक उरला असे मानले, तर ४० मायक्रॉन जाडीतूनही १० टक्के किरण पार जातील. अशा पटलास झिलई देऊन ते ३० मायक्रॉनवर आणल्यास सुमारे १८ टक्के. गाडी जितकी जुनी तितकी झिलईची गरज अधिक भासते आणि तितकेच ती झिलई सोसण्याचे सामर्थ्य कमी झालेले असते.

खालचा थर उघडा पडला म्हणजे काय घडते, ह्याचा एक मोठा दाखला उपलब्ध आहे. १९८० ते १९९० च्या सुमारास उत्तर अमेरिकेत प्रायमरचे अस्तर गाळून रंगविलेल्या अनेक गाड्यांचा रंग काही वर्षांतच पत्रेच्या पत्रे सुटून निघू लागला. क्लिअरकोट व रंगलेप पार करून गेलेले किरण तळाच्या एपॉक्सी थरापर्यंत पोचले होते आणि जंबुपार किरणांना अत्यंत नाजूक असा तो थर पृष्ठाशी भुकटी बनला होता. वरचे लेप शाबूत असूनही त्यांच्या खालचा आधार नाहीसा झाला. क्लिअरकोट रंगलेपापासून सुटतो तेव्हाही तत्त्व हेच असते. पापुद्रा ज्या ठिकाणी सुटतो त्या संधिपृष्ठावर बिघाड झालेला असतो. चकाकी ज्या पृष्ठभागावर दिसते त्यावर तो नसतो.

५. निदान

ह्यावरून दुरुस्तीपूर्वी एकच प्रश्न विचारावयाचा असतो : बिघाड वरच्या पृष्ठभागापुरता आहे की खालचा बंध सुटला आहे?

मलूल दिसणारा भाग पाण्याने ओला करावा, ही कारागिरांची जुनी परीक्षा आहे. पाण्याचा प्रणमनांक १.३३ असल्याने ते पृष्ठभागावरील खाचा भरून काढते, प्रकाशाचे प्रकीर्णन घटते आणि रंग खुलतो. ओलेपणी रंग खुलला व वाळताच पुन्हा पांढुरका झाला, तर दोष पृष्ठभागाच्या खडबडीतपणात आहे असे मानतात. ही परीक्षा उपयुक्त आहे. परंतु क्लिअरकोट पूर्णपणे गळून गेलेला रंगलेपही ओला केला असता तसाच खुलतो. म्हणून ह्या परीक्षेने चकाकी आणता येईल की नाही एवढेच समजते, बंध शाबूत आहे की नाही हे समजत नाही. मेण वा तेल असलेल्या पॉलिशांचा प्रभावही ह्याच स्वरूपाचा. ती खाचा भरतात, बुजवीत नाहीत. दोन-चार धुण्यांत पूर्वस्थिती येते.

बंधाच्या परीक्षेसाठी शंकास्पद जागेच्या कडेला चिकटपट्टी दाबून ती झटक्यात ओढावी. पापुद्रा निघाला तर प्रश्न सुटला. प्रयोगशाळेत आय.एस.ओ. २४०९ ह्या मानकानुसार लेपावर आडव्या-उभ्या चिरांची जाळी पाडून हीच परीक्षा परिमाणात्मक रीतीने करतात. अर्थात ती लेपाचा नाश करणारी आहे. भिंगातून पाहता सूक्ष्म तड्यांचे जाळे दिसले, तरीही झिलईचा विचार सोडून द्यावा; कारण तडे बहुधा खोलवर गेलेले असतात.

जाडी मोजण्यासाठी पोलादी पत्र्यावर चुंबकीय प्रवर्तनाचे व ॲल्युमिनियमवर भोवरी-प्रवाहाचे उपकरण वापरतात. ते सर्व थरांची एकत्रित जाडी दाखविते, एकट्या क्लिअरकोटची दाखवीत नाही. थरांची पृथक् जाडी हवी असल्यास स्वनातीत तरंगांचे उपकरण लागते. तथापि झिलईपूर्वी व नंतर एकाच जागी घेतलेल्या मापांतील फरक म्हणजे निघून गेलेला क्लिअरकोट होय, आणि एवढी माहिती साध्या उपकरणानेही मिळते. ओरखड्यावरून नख फिरविता ते अडकले तर ओरखडा झिलईने जाणार नाही, हा कारागिरांचा ठोकताळा ढोबळ असला तरी सावधगिरीच्या बाजूचा आहे.

६. झिलईची मर्यादा

बिघाड पृष्ठभागापुरता असल्यास झिलई हाच योग्य उपाय होय. ओरखडा भरून येत नाही. भोवतालचा पृष्ठभाग त्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. खोल ओरखड्यासाठी प्रथम पी २००० क्रमांकाच्या घासकागदाने पाणी घालून घासतात. त्यावरील कण सरासरीने १० मायक्रॉनचे असल्याने त्याने पडणारे बारीक चरे पुढे कंपाउंडने व शेवटी मऊ पॉलिशने काढावे लागतात. प्रत्येक पायरीचे काम मागील पायरीच्या खुणा पुसणे एवढेच असते. म्हणून जी सर्वांत सौम्य पायरी पुरेशी ठरेल तिच्यापासूनच आरंभ करावा. कडा व उंचवटे ह्यांवर लेप मुळातच पातळ असतो आणि यंत्राचा दाब तेथेच एकवटतो. बफिंगमध्ये लेप फाटतो तो बहुधा अशा ठिकाणी.

आम्लाचे व विष्ठेचे डाग उथळ असतील तर ह्याच रीतीने निघतात. खळगा खोल असेल तर तो पूर्णपणे काढण्याचा आग्रह धरू नये. त्याच्या कडा सौम्य करून थोडी खूण राहू देणे पटलाच्या हिताचे असते. हल्ली सिरॅमिक म्हणून दिले जाणारे लेप पाणी व मळ दूर ठेवण्यास उपयोगी पडतात. परंतु अत्यंत पातळ असल्यामुळे गमावलेल्या क्लिअरकोटचे काम ते करू शकत नाहीत. ओरखडे आपोआप भरून येणारे क्लिअरकोटही निघाले असून निस्सान कंपनीने तसा एक लेप २००५ साली जाहीर केला. त्यांच्या लवचीक जाळ्यास उष्णतेने पूर्वाकार येतो. मात्र जे द्रव्य कापून निघून गेले ते कोणत्याही लवचीकपणाने परत येत नाही.

७. पुनर्लेपन

पापुद्रे सुटू लागले असता झिलईचा काहीही उपयोग नाही. सुटलेल्या भागावर नुसता क्लिअरकोट फवारणे हा उपायही तितकाच निष्फळ होय. कारण तेथे नव्या लेपास आधार मिळतो तो किरणांनी भुकटी झालेल्या रंगलेपाचा, आणि भोवतालच्या जुन्या क्लिअरकोटची कडही आतून सुटतच आलेली असते.

योग्य क्रम पुढीलप्रमाणे आहे. भाग स्वच्छ धुऊन त्यावरील मेण व तेल विद्रावकाने काढावे. हे घासण्यापूर्वीच करावे, नाही तर मेण चऱ्यांत दाबले जाते. नंतर सुटलेला क्लिअरकोट आणि त्याखालील दुर्बल झालेला रंगलेप घट्ट थर लागेपर्यंत घासून काढावा. पत्रा उघडा पडल्यास गंजरोधक प्रायमर द्यावा. त्यावर रंगलेप द्यावा, त्यातील विद्रावक उडू द्यावा आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीच्या आतच क्लिअरकोट फवारावा. मुदत उलटून गेल्यास दोन लेपांतील बंध पुन्हा दुर्बळ राहतो, आणि ज्या दोषाची दुरुस्ती केली तोच दोष नव्याने पेरला जातो.

क्लिअरकोट नेहमी संपूर्ण भागावर, म्हणजे बॉनेट असेल तर बॉनेटच्या सर्व कडांपर्यंत द्यावा. मध्येच तो पातळ करीत नेऊन जुन्या लेपात मिसळविण्याची पद्धत लॅकरच्या काळी निर्दोष होती. कारण तेव्हा थर एकजीव होत. उष्णतादृढ पटलात मात्र ती कड काही मायक्रॉनचीच राहते, आणि वर दाखविलेल्या हिशेबाप्रमाणे तेथे संरक्षण जवळजवळ नसते. काही काळाने नेमकी तीच रेषा उमटून दिसते व सुटू लागते.

कारखान्यात पटल सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजले जाते. पूर्ण जोडलेल्या गाडीस एवढी उष्णता देता येत नसल्यामुळे दुरुस्तीत आयसोसायनेटचा हार्डनर मिसळावयाचा, ६० अंशांच्या आसपास वा साध्या हवेत पक्का होणारा क्लिअरकोट वापरतात. आयसोसायनेटची पाण्याशीही विक्रिया होऊन कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत उघड्यावर केलेल्या कामात बुडबुडे व धुरकटपणा येण्याचा संभव ह्यामुळे वाढतो.

८. कारागिराची सुरक्षितता

ह्याच द्रव्यामुळे विषयाचे एक अंग केवळ तांत्रिक राहत नाही. फवाऱ्यातील आयसोसायनेट श्वासावाटे गेल्यास दमा जडतो. आणि एकदा शरीर संवेदनशील झाले म्हणजे त्यानंतर अत्यल्प मात्राही झटका आणण्यास पुरते. रंगाऱ्यास मग तो व्यवसायच सोडावा लागतो. हेक्झामेथिलीन डायआयसोसायनेटसाठी अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने सुचविलेली सरासरी मर्यादा हवेच्या अब्ज भागांत अवघे ५ भाग, म्हणजे ०.००५ पीपीएम, इतकी अल्प आहे. वासावरून सावध व्हावे तर घातक प्रमाणातही वास येईलच अशी खात्री नसते. १९८४ साली भोपाळ येथे ज्या वायूने अनर्थ केला तो मेथिल आयसोसायनेट होता. हार्डनरमधील द्रव्य त्याहून निराळे व फार कमी बाष्पनशील आहे. परंतु दोहोंतील क्रियाशील गट एकच आहे, आणि फवारणीच्या तुषारांत बाष्पनशीलतेची ही मर्यादा उरत नाही.

तोंडाला बांधलेला रुमाल ह्या बाबतीत निरुपयोगी होय. बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा, हातमोजे आणि हवा खेचून घेणारी बंद खोली ही ह्या कामाची आवश्यक साधने आहेत. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये ती क्वचितच आढळतात. स्वस्त दुरुस्तीची खरी किंमत कित्येकदा गाडीचा मालक देत नसून रंगारी देत असतो.

९. समारोप

सारांश, चकाकी आणि संरक्षण हे दोन भिन्न गुण आहेत. चकाकी ही पृष्ठभागाच्या सपाटपणावर अवलंबून असते आणि ती तासाभरात आणता येते. संरक्षण हे जाडी, शोषकाची शिल्लक आणि थरांमधील बंध ह्यांवर अवलंबून असते. ते झिलईने कमी होते, आणि गेले असता नव्या लेपावाचून परत येत नाही. बाजारात पहिल्या गुणाची पारख होते, कारण तो दिसतो.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने येथे अभ्यासास बराच वाव आहे. टाकून दिलेल्या गाड्यांच्या टपावरील व दारांवरील लेपांचे पातळ छेद घेऊन त्यांतील शोषकाची शिल्लक खोलीनुसार मोजणे, कोकण व मराठवाडा ह्या दोन हवामानांतील नमुन्यांची तुलना करणे, झिलईने निघणारी जाडी प्रत्यक्ष मोजणे, हे प्रयोग सामान्य वर्णपटमापकाच्या साह्यानेही करता येण्याजोगे आहेत. असे अंक हाती आले म्हणजे झिलई किती वेळा द्यावी आणि कोठे थांबावे, ह्याचा निर्णय डोळ्यांच्या साक्षीवर सोडण्याचे कारण उरणार नाही.